कड चावता येत नाही

परत आलेल्या कवळीबरोबर दवाखान्याची चिठ्ठी असते आणि अशा चिठ्ठ्यांतून मी आजवर पुष्कळ काही वाचलं आहे. हिरडीला टोचते. बोलताना शिट्टी वाजते. शिंक आली की खालची बाहेर येते. एका बाईंनी तर कळवलं होतं की या दातांनी नवऱ्याशी भांडता येत नाही, शब्द मागे राहतात आणि दात पुढे जातात. त्यामुळे त्या सकाळी डबी उघडली तेव्हा मी काही फार मन लावून वाचत नव्हतो. नंबर चारशे सतरा. वरची आणि खालची. डॉक्टरांचं अक्षर नेहमीचं, घाईतलं: 'बसते व्यवस्थित. पेशंट म्हणतो, कड चावता येत नाही.' आणि पुढे कंसात प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह डॉक्टरांचं होतं. मला प्रश्न पडला नाही. मी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि स्टुलावर बसलो. शेजारच्या टेबलावर मेणात दात रोवणारी बाई, जिला आम्ही सगळे मेणाबाई म्हणतो, तिनं मान वर न करता विचारलं, "तुटली का?" "नाही. बसते व्यवस्थित, असं लिहिलंय." "मग परत कशाला धाडली?" आलेली चिठ्ठी वाचून झाली की भिंतीवरच्या खिळ्याला लावायची हा इथला नियम, आणि तो इतरांच्या मागे लागून मीच घातलेला आहे. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मी चिठ्ठी खिशात ठेवली.

आता कड हा काही जगावेगळा शब्द नाही. चादरीला कड असते, ताटाला असते, भांडणात माणसं एकमेकांची कड घेतात. पण पावाच्या टोकाला टोक म्हणतात, फार तर शेंडा म्हणतात, आणि टोक करपलेलं असेल तर काहीच म्हणत नाहीत, तोडून टाकतात. पावाच्या करपलेल्या टोकाला कड म्हणणारी आणि ती मागून खाणारी माणसं जगात कितीशी असतील? आमच्या घरात चार होती. त्यातले बाबा गेले, आई गेली. तिसरा मी. चौथा माझा धाकटा भाऊ, आणि तो कुठे आहे, आहे की नाही, हे मला एकोणीस वर्षं माहीत नव्हतं. आता एवढंच माहीत झालं होतं की त्याच्या तोंडात एकही दात उरलेला नाही.

आमचं गाव इथून दोन दिवसांच्या प्रवासावर, नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेलं, आणि मधे पूल. पुलाखाली कोरड्या बाजूला, खांबांच्या मधल्या जागांत, सँडविचच्या गाड्या लागायच्या. लांबट पाव मधून चिरायचा, आत तव्यावर तांबूस केलेला कांदा, उकडलेल्या अंड्याच्या चकत्या, आंबवलेली काकडी, मोहरीची पिवळी चटणी भरायची, आणि मग अख्खा पाव तव्यावर ठेवून वरून इस्त्रीनं दाबायचा. कपड्यांच्याच इस्त्रीनं, जुन्या, जाड बुडाच्या. सगळ्या गाड्यांवर हेच मिळायचं आणि सगळ्यांची चव सारखी, असं मी म्हटलं तर गावातली माणसं अजूनही माझ्या अंगावर येतील. आमची गाडी शेवटच्या खांबाशी होती. तिथे नदीवरचा वारा थेट यायचा आणि शेगडीची ज्योत सदैव उजवीकडे झुकलेली. त्यामुळे तव्याची उजवी बाजू तापून लाल आणि डावी कोमट. पावाचं एक टोक करपायचंच. बाबांनी पत्रे लावून पाहिले, पोती टांगून पाहिली, वारा काही ऐकेना. मग ते गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी करपलेलं टोक उलथण्यानं तोडायचे आणि पत्र्याच्या डब्यात टाकायचे. शाळेतून आलो की तो डबा आमचा. चुरचुरीत, कडसर, एका बाजूनं चटणी लागलेली टोकं. धाकट्याला त्यांचं वेड. तो म्हणायचा, "बाबा, माझी कड," आणि त्याच्या तोंडचा तो शब्द घरात राहिला. पुढे आमच्या गाडीवरची काही नेमाची गिऱ्हाइकंही म्हणू लागली, तोडू नका, कड राहू द्या. पुलाखालच्या दुसऱ्या कुठल्याच गाडीवर हा शब्द नव्हता, कारण दुसऱ्या कुठल्याच गाडीला तो वारा नव्हता.

गाडीवर पाटी होती, बाबांनी स्वतः रंगवलेली: पुलाखालचे सँडवीज. शेवटी ज. बाबा बोलायचेही तसंच आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वाटायचं ते मला. शाळेत मुलं मला सँडवीज म्हणून हाक मारायची. तेरा वर्षांचा असताना एका दुपारी, बाबा जेवायला घरी गेलेले पाहून, मी लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन त्या ज चा च केला. परतल्यावर बाबांनी पाटीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "शिकलास म्हणायचं." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी पाटीवर पुन्हा ज होता आणि धाकट्याची बोटं लाल. नऊ वर्षांचा होता. आई म्हणाली, "बघा, यानं बापाची कड घेतली." सगळे हसले, मीही हसलो, पण तेव्हापासून मला चुकलेलं काही दिसलं की हात शिवशिवतात आणि हात शिवशिवले की आपलं काहीतरी चुकतंय असंही वाटतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटणारा माणूस सोबतीला फारसा बरा नसतो, हे माझी बायको सांगेल.

गेल्या दहा-बारा वर्षांत पुलाखालचं सँडविच या शहरातही आलं. आधी एक दुकान, मग सात-आठ. प्रत्येकाच्या पाटीवर अस्सल. एकानं तर भिंतीवर पुलाचं चित्र काढलं आहे आणि तो पूल आमचा नाहीच, कमानींचा आहे. सुटीच्या दिवशी मी या दुकानांतून जात असे. बायको सुरुवातीला बरोबर यायची, मग येईनाशी झाली, कारण मी तिथे बसून खात नाही, तपासतो. कांदा गोड केलेला. काकडी बाटलीतली. पाव यंत्रात दाबलेला, दोन्हीकडून सारख्या रेघा उमटलेल्या. दोन्ही टोकं कापून टाकलेली, जणू गुन्हा लपवायचा आहे. मी दुकानदाराला विचारायचो, "कड आहे का?" तो म्हणायचा, "काय?" आणि मी उठायचो. घरी येऊन मी सगळं सविस्तर सांगायचो. बायको एकदा म्हणाली, "तुम्हाला खायचं असतं तर तुम्ही घरी करून खाल्लं असतं. पाव आणून देते, अंडी आहेत, इस्त्री आहे." मी म्हणालो, "घरात वारा कुठे आहे?" ती म्हणाली, "तुमच्या डोक्यात आहे की." पुढच्या सुटीला मी एकटाच आणखी एका अस्सलला गेलो.

आणि हे सगळं करणारा माणूस पोटासाठी काय करतो, तर खोटे दात. दवाखान्यातून हिरड्यांचा प्लास्टरचा साचा येतो, पांढरा, थंड, ज्याच्यावर नाव नसतं, नंबर असतो. त्यावर मेण चढवायचं, मेणात दात रोवायचे, चाव्याच्या यंत्रावर वरखाली उघडमीट करून बघायची, मग मेण वितळवून गुलाबी हिरडी ओतायची, घासायची, झिलई द्यायची. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे असतात म्हणतात, माझ्या गिऱ्हाइकांना दोन्ही एकातच हवे असतात. कोणाला कळता कामा नये की हे खोटे आहेत. सुरुवातीची काही वर्षं मीही सगळे दात एका ओळीत लावायचो, आणि ते लगेच कळायचं. खरं तोंड असं नसतं. मग मी एक दात किंचित फिरवायला लागलो. वरचा, समोरच्या दोन दातांच्या शेजारचा डावा. मेण मऊ असतानाच अंगठ्यानं हलकेच, कडेनं पुढे येईल इतका. हे मला कोणी शिकवलं नाही. डॉक्टर म्हणतात, तुमच्या कवळ्या ओळखू येत नाहीत, याच्याएवढी स्तुती आमच्या धंद्यात नाही. मेणाबाईलाही मी तेच शिकवलं. ती म्हणाली, "तोच का? उजवा का नाही?" मी म्हणालो, "उजवा बरा दिसत नाही." माझं बोलणं तिला पटलेलं दिसलं नाही, पण ती डावाच फिरवते.

चिठ्ठी खिशात घालून मी ती कवळी हातात घेतली तेव्हा हे सगळं एकदम आठवलं असं नाही. आधी नुसती एक गोष्ट सारखी डोक्यात येत राहिली, की पंधरा दिवसांपूर्वी हाच साचा याच टेबलावर होता आणि मला कळलं नाही. चार दिवस मी माझ्या भावाचं तोंड हातात घेऊन बसलो होतो. टाळूचा खड्डा, उजवीकडे झिजून चपटी झालेली हिरडी, मी बोटांनी चाचपली होती, मेणाबाईला म्हणालोही होतो, या माणसानं दातांची फार हेळसांड केलेली दिसते. आपल्या माणसाला चेहऱ्यावरून ओळखतात, चालीवरून ओळखतात, आवाजावरून ओळखतात. हिरड्यांवरून कोण ओळखणार? हे मी स्वतःला समजावलं आणि ते बरोबर होतं, तरी मला लाज वाटली. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आई माझ्या चष्म्यावरून मला ऐकवायची.

आईला शेवटची आठ वर्षं मी इथे आणलं होतं. ती खिडकीशी बसून पाव चहात बुडवून खायची आणि शेवटचा तुकडा बशीत बाजूला ठेवायची. रोज. बायकोला आधी वाटलं की तिला पाव शिळा लागतो. मग तिच्या लक्षात आलं आणि ती न बोलता बशी उचलू लागली. माझ्या तर पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. मी आईला कधी विचारलं नाही, हे कोणासाठी, आणि तिनं कधी सांगितलं नाही. तिनं मला एकदाच काही मागितलं होतं, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. बाबा गेले त्याच महिन्यात पूल रुंद करायचा निघाला. गाड्या उठणार होत्या. ज्यांना हवी त्यांना बसथांब्यामागे जागा मिळणार होती, फक्त अर्जावर घरातल्या सगळ्या मुलांच्या सह्या हव्या होत्या. आम्ही दोघं. धाकटा अर्ज घेऊन आला, बोटांना कांद्याचा वास, आणि मी त्याला समजावायला बसलो. मी शहरात राहणारा, हाताला कला असलेला, उंटावरचा शहाणा. म्हणालो, "पावात अंडं घालून आयुष्यभर काय दिवे लावणार आहेस? माझ्याबरोबर चल, दातांचं काम शीक." तो म्हणाला, "दादा, सही कर." मी म्हणालो, "विचार करून सांगतो." आई दारात उभी होती. ती म्हणाली, "एवढी एकदा त्याची कड घे रे." मी म्हणालो, "मी कोणाचीच कड घेत नाही, मी बरोबर काय ते बोलतोय." मला वाटतं मी बरोबरच बोलत होतो. मी विचार करत असताना अर्जाची मुदत संपली. गाड्या उठल्या त्या दिवशी धाकटा तवा आणि इस्त्री पोत्यात घालून कुठल्याशा बसमध्ये बसला. कुठल्या, ते कोणाला माहीत नव्हतं. मी शोधलं. शोधलं म्हणजे चार ठिकाणी विचारलं, दोन पत्रं लिहिली. मग हळूहळू ते सुटलं आणि पुढे कधीतरी सुटीच्या दिवशी सँडविचच्या दुकानांतून जायचा नाद लागला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं मला त्या सकाळपर्यंत वाटलं नव्हतं, किंवा मी वाटू दिलं नव्हतं.

दुपारी मी डॉक्टरांना फोन केला. म्हणालो, "चारशे सतराला मला प्रत्यक्ष बघावं लागेल. चाव्याची गडबड आहे." डॉक्टर हसले. "तुम्ही आणि पेशंटला बघणार? एकतीस वर्षांत तुम्हाला माणसापेक्षा साचा बरा वाटत आलाय." मग त्यांनी पत्ता शोधला. "सँडविचवाला आहे. मागच्या रस्त्याला, किल्ल्यांच्या दुकानाशेजारी. आणि ते कड म्हणजे काय हो? दोनदा विचारलं, नुसतं म्हणाला, तसंच लिहा, ज्याला कळायचं त्याला कळेल." मी फोन ठेवला. हात धुतले. कवळी डबीत ठेवली आणि सवयीनं चावा तपासायच्या निळ्या कागदाची पट्टीही बरोबर घेतली. मेणाबाईनं घड्याळाकडे बघितलं, कारण मी कधी तीनला निघत नाही. जिना उतरताना मला वाटलं की परत जावं, कवळी दोन ठिकाणी घासावी आणि डबी पाठवून द्यावी. तेही करता आलं असतं. त्याला दात मिळाले असते आणि मी माझ्या जागी राहिलो असतो. तिसऱ्या पायरीवर मी जरा वेळ उभा होतो. मग मागून कोणीतरी खोकं घेऊन उतरत होतं, त्याला वाट द्यायला मला उतरावंच लागलं.

मागच्या रस्त्यावर मी गेलो नव्हतो असं नाही. पण तिथे अस्सलची पाटी नव्हती, म्हणून मी कधी थांबलो नव्हतो. दुकान म्हणजे दोन भिंतींच्या मधली फट, आत तीन स्टुलं, पुढे तवा. वर लहानशी पाटी, ऊन लागून फिकी पडलेली. पुलाखालचे सँडवीज. मी ती तिथल्या तिथे दोनदा वाचली आणि माझे हात शिवशिवले नाहीत. तव्यामागे एक म्हातारा माणूस कांदा परतत होता. गाल आत गेलेले, हनुवटी नाकाकडे आलेली. सगळे दात गेले की माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसतो, हे मी लोकांना सांगत असतो. हा माझ्याहून चार वर्षांनी लहान होता. त्यानं मान वर केली, बघितलं, आणि पुन्हा कांद्याकडे बघितलं. "बस," तो म्हणाला. दातांवाचून स चा फुसकारा झाला. मी बसलो. त्यानं पाव चिरला, भरला, तव्यावर ठेवला आणि त्यावर इस्त्री ठेवली. तीच इस्त्री. मूठ बदललेली होती. इथे वारा नव्हता, बंद गल्लीसारखा रस्ता. पण शेगडीवर तवा मधोमध नव्हता, चांगला वीतभर डावीकडे सरकवलेला होता आणि पडू नये म्हणून खाली वीट लावली होती. उजव्या टोकाखाली तेवढी ज्योत. वारा नसताना त्यानं वाऱ्याची चूक मुद्दाम करून ठेवली होती. मी दात फिरवतो तशी. करपल्याचा वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याबरोबर डोळ्यांनाही. मी चष्मा पुसायला घेतला.

"दात आणलेस?" त्यानं विचारलं.

मी डबी फळीवर ठेवली. "तुला कसं कळलं मी केलेत ते?"

"डॉक्टरनं आरसा दिला. बघतो तर माझा दात. वाकडा." त्यानं इस्त्री दाबली. "म्हटलं, सगळे तर उपटून झाले, हा कुठून आला? विचारलं, कोण करतं कवळ्या? म्हणाला, आहे एक, फार किटकिट्या आहे, पण हात चांगला आहे. म्हटलं, मग तोच."

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो सहा वर्षांचा असताना पुलाच्या पायऱ्यांवर मी त्याला ढकललं होतं, शर्यतीत तो पुढे जात होता म्हणून. दुधाचा दात पडला आणि त्या जागी आलेला दात कडेनं फिरून आला. वरचा, डावा. आई म्हणायची, बरं झालं, चेहऱ्याला शोभा आली. मी म्हणालो, "मी सगळ्यांनाच तसा लावतो."

"सगळ्यांना म्हणजे?"

"जो येईल त्याला. वीस वर्षं होत आली."

त्यानं इस्त्री उचलून बाजूला ठेवली. "म्हणजे शहरभर माणसं माझा दात घालून हिंडतायत?" तो हसला. बिनदातांचं हसणं मी धंद्यात पुष्कळ पाहिलं आहे, पण तसं माझ्याकडे बघून कोणी हसलेलं नव्हतं. मग हसणं थांबलं आणि त्यानं पाव उलटला. उलटताना, माझ्याकडे न बघता, म्हणाला, "आई?"

"अकरा वर्षं झाली. माझ्याकडेच होती. तुला कळवायला पत्ता नव्हता."

"मी दिला नव्हता." एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यानं हातानंच थोड्या वेळानं ये म्हणून सांगितलं. "काही बोलायची?"

"नाही. पावाचा शेवटचा तुकडा बशीत ठेवायची. रोज." मी डबीचं झाकण उघडलं. "मी सही करायला हवी होती."

"हं," तो म्हणाला. त्या हं मध्ये माफी होती असं मी म्हणणार नाही. पण ते ऐकून घेतल्याचं हं होतं, आणि त्यासाठीसुद्धा मी त्याचा आभारी आहे. मग तो म्हणाला, "इथे चार वर्षांपूर्वी आलो. तू याच शहरात आहेस ते माहीत होतं. म्हटलं, मोठं आहे, सापडणार नाही."

"मग ती चिठ्ठी?"

"दात बघितल्यावर राहवलं नाही. आणि चावत तर खरंच नाहीये."

हे ऐकून मला बरं वाटलं, कारण आता करण्यासारखं काही होतं. मी त्याला कवळी घालायला लावली, निळी पट्टी दातांमध्ये धरली आणि म्हणालो, "चाव. घास. आता आ कर." निळे ठिपके सगळीकडे हलके होते आणि एकाच जागी गडद. त्या वाकड्या दाताच्या खाली. बाहेर आलेली त्याची कड खालच्या दाताला आधी टेकत होती आणि बाकीचे दात एकमेकांना पोचतच नव्हते. मऊ पदार्थाला ते चालून जातं, कडक टोकाला नाही. इतरांना मी फिरवायचो त्याहून हा जास्तच फिरला होता. का, ते मला ठाऊक नाही. साच्यावर नाव नव्हतं.

"सापडलं," मी म्हणालो. "हा सरळ करावा लागेल."

त्यानं तोंड मिटलं. आत दात असल्यामुळे त्याचा चेहरा भरून आला होता आणि तो मला पहिल्यांदाच नीट ओळखू आला. "तो राहू दे," तो म्हणाला.

"मग कड चावता येणार नाही."

"नाही तर नाही. चहात बुडवून खाईन."

त्यानं कवळी काढून दिली, मी ती उजेडात धरली. माझ्या धंद्याप्रमाणे चूक वरच्या दाताची होती, यात शंका नाही. मी अंगठा त्या दातावर ठेवून बघितला. मग म्हणालो, "खालचा घासतो. तो सरळ आहे, त्याला थोडं कमी केलं तर याला जागा होईल."

"खालचा बिघडणार नाही?"

"थोडा बिघडेल. दिसणार नाही कोणाला. उद्या आणून देतो."

"उद्या?"

"उद्या. तीनला."

त्यानं मान हलवली. उलथण्यानं पावाचं करपलेलं टोक तोडलं, हात सवयीनं डब्याकडे गेला, पण तिथे न टाकता त्यानं ते कागदाच्या तुकड्यावर माझ्यापुढे सरकवलं. त्याच्या तोंडात आता दात नव्हते, ते माझ्या हातातल्या डबीत होते.

"आज तू घे," तो म्हणाला. "कड."

मी घेतली. एकोणीस वर्षं उशीर झाला होता, पण घेतली. पूर्वीसारखीच कडू होती.